सुधारणेचे चक्र कोणाच्या हाती?

मार्चअखेर जवळ आली की कारखान्यांतून, बँकांतून, विमा कंपन्यांतून आणि संगणक-सेवा पुरवणाऱ्या कार्यालयांतून मूल्यमापनाचा हंगाम सुरू होतो. वर्षभर राबलेल्या माणसाला एका बंद खोलीत बोलावले जाते, त्याच्यासमोर एक तक्ता ठेवला जातो आणि त्यातील एका आकड्यावर त्याची वेतनवाढ, बढती, कित्येकदा नोकरीही ठरते. अलीकडे या प्रथेला एक नवे रूप देण्यात आले आहे. वर्षातून एकदा होणारे मूल्यमापन कालबाह्य झाले, आता कामगिरीची 'सतत सुधारणा' हवी, असे व्यवस्थापनशास्त्राचे नवे पंडित सांगतात. उद्दिष्ट ठरवायचे, काम करायचे, झालेले काम तपासायचे, त्रुटी दूर करायच्या आणि पुन्हा नवे उद्दिष्ट ठरवायचे, असे हे न थांबणारे चक्र आहे. ऐकताना त्यात आक्षेप घेण्यासारखे काही दिसत नाही. सुधारणेला विरोध कोण करील? पण हे चक्र कोण फिरवतो, ते कशावर फिरते आणि त्यातून निघालेले पीठ कोणाच्या घरी जाते, हे प्रश्न विचारल्यावाचून या नव्या मंत्राचा स्वीकारही करता येत नाही आणि धिक्कारही.

या कल्पनेचा उगम पाहिला तर तो माणसांना गुण देण्यासाठी झालेला नाही, हे प्रथम ध्यानात येते. अमेरिकेतील बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळांत काम करणाऱ्या वॉल्टर शूहार्ट या संख्याशास्त्रज्ञाने १९२४ साली उत्पादनाच्या दर्जावर लक्ष ठेवण्यासाठी एक साधा आलेख सुचवला. त्यामागचा विचार मूलगामी होता. एकाच यंत्रावर, एकाच मालापासून, एकाच माणसाने केलेल्या दोन वस्तूसुद्धा तंतोतंत सारख्या निघत नाहीत. हा फरक दोन प्रकारच्या कारणांनी पडतो. काही कारणे त्या उत्पादनपद्धतीच्या अंगातच असतात. काही बाहेरून, अवचित उद्भवतात. पहिल्या प्रकारचा दोष घालवायचा तर सारी पद्धतच बदलावी लागते आणि ती बदलण्याचा अधिकार यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराला नसतो. शूहार्टने १९३९ च्या आपल्या ग्रंथात निकष ठरवणे, उत्पादन करणे आणि तपासणे या तीन पायऱ्या एका वर्तुळात मांडल्या. आज ज्याला सुधारणेचे चक्र म्हणतात त्याचे बीज तेथे आहे. हेच शूहार्ट स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्षात, १९४७-४८ साली, प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने भारतात आले होते आणि येथील कारखानदारीला त्यांनी या पद्धतीची ओळख करून दिली होती. म्हणजे हा विचार आपल्याकडे आज परदेशी सल्लागारांच्या पिशवीतून प्रथमच येत आहे, असे नाही.

शूहार्टचा वारसा पुढे नेला तो एडवर्ड्स डेमिंग यांनी. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या जपानमध्ये १९५० साली तेथील शास्त्रज्ञ व अभियंते यांच्या संघटनेच्या निमंत्रणावरून त्यांनी व्याख्याने दिली. योजना, अंमल, तपासणी आणि दुरुस्ती या चार पायऱ्यांचे जे चक्र पुढे जपानी कारखान्यांत रूढ झाले, त्याचा उगम या व्याख्यानांत सांगितला जातो. पुढल्याच वर्षी त्यांच्या नावाने तेथे एक पारितोषिक सुरू झाले. गंमत अशी की, ज्या डेमिंगचे नाव घेऊन आज कर्मचाऱ्यांना गुण दिले जातात, तेच डेमिंग या गुण देण्याच्या पद्धतीचे सर्वांत कडवे टीकाकार होते. पाश्चात्य उद्योगांना जडलेले जे प्राणघातक रोग त्यांनी सांगितले, त्यांत व्यक्तीचे वार्षिक मूल्यमापन हा एक होता. भीती घालवा, कामगारांवर लादलेले आकडी कोटे काढून टाका, घोषणाफलक उतरवा, असे ते कारखानदारांना बजावत असत.

आपले म्हणणे पटवण्यासाठी डेमिंग व्याख्यानात एक प्रयोग करून दाखवीत. एका पेटीत पांढरे आणि तांबडे मणी मिसळलेले असत. पाचांतील चार पांढरे, एक तांबडा. श्रोत्यांतून सहा 'कामगार' निवडले जात. पन्नास खळगे असलेली एक फळी पेटीत बुडवून प्रत्येकाने पन्नास मणी बाहेर काढायचे. गिऱ्हाइकाला पांढरेच मणी हवेत, तांबडा मणी म्हणजे सदोष माल. स्वतः डेमिंग मुकादम होत. कोणाच्या फळीवर सात तांबडे मणी येत, कोणाच्या फळीवर चौदा. सातवाल्याची पाठ थोपटली जाई, चौदावाल्याला समज दिली जाई. पुढच्या फेरीत बहुधा उलटेच घडे. कालचा आदर्श कामगार आज निष्काळजी ठरे. मग कामगिरी खालावलेल्यांना काढून टाकण्यात येई आणि उरलेल्या 'उत्कृष्ट' कामगारांवर कारखाना चालवला जाई. तरीही तांबडे मणी सरासरीने दहाच्या आसपासच निघत राहत. श्रोते हसत, पण हसता हसता त्यांच्या लक्षात येई की, दोष हातात नव्हता, पेटीत होता आणि पेटी भरण्याचे काम कामगाराकडे कधीच नव्हते. उद्योगातील अडचणींपैकी सुमारे ९४ टक्के अडचणी व्यवस्थेच्या असतात, असा डेमिंग यांचा अनुभवाधारित अंदाज होता.

आपल्या भोवतालच्या जगाकडे या दृष्टीने पाहावे. घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या तरुणाला गिऱ्हाईक मोबाइलवर तारे देते. खानावळीत पदार्थ उशिरा तयार झाला, पावसाने रस्ता तुंबला, इमारतीची लिफ्ट बंद होती, या सर्वांचा हिशेब शेवटी त्याच्याच खात्यावर पडतो. बँकेच्या शाखेतील कर्मचाऱ्याला विम्याच्या पॉलिसी खपवण्याचे उद्दिष्ट दिले जाते. ज्या गावात दोन वर्षे पीक बुडाले तेथील शाखा आणि ज्या गावात नवी औद्योगिक वसाहत उभी राहिली तेथील शाखा एकाच फुटपट्टीने मोजल्या जातात. सरकारी रुग्णालयातील परिचारिकेच्या कामाचा दर्जा मोजताना तिच्या वाट्याला किती खाटा आल्या हे मोजले नाही, तर त्या मोजणीला अर्थ काय? हे सारे तांबडे मणी आहेत.

मग हे चक्र यंत्रावरून उतरून माणसाच्या गळ्यात कसे आले? याचे उत्तर व्यवस्थापनशास्त्रात नाही, मालकीच्या संबंधांत आहे. व्यवस्था सुधारायची तर भांडवल गुंतवावे लागते, यंत्रे बदलावी लागतात, कच्चा माल चांगला घ्यावा लागतो, माणसे पुरेशी नेमावी लागतात. कामगाराकडून अधिक काम काढण्याला यातले काहीच लागत नाही. एक तक्ता आणि थोडी भीती पुरते. १९८१ ते २००१ या काळात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख असलेल्या जॅक वेल्श यांनी या भीतीला सूत्राचे रूप दिले. वरचे २० टक्के गौरवावयाचे, मधले ७० टक्के सांभाळावयाचे आणि तळाचे १० टक्के काढून टाकावयाचे, असे ते सूत्र होते. दहा माणसांच्या गटात दहाही जणांनी उत्तम काम केले तरी एकाला निकृष्ट ठरवावेच लागेल, हा त्याचा साधा अर्थ. अशा गटात कोण कोणाला मदत करील? शेजाऱ्याला शिकवलेली युक्ती ही स्वतःच्याच नोकरीवर घातलेली कुऱ्हाड ठरते. ही पद्धत जगभर पसरली. आपल्याकडच्या कार्यालयांत ती 'बेल कर्व्ह' या नावाने आली. अखेर तिचे दुष्परिणाम मालकांनाही जाणवले. मायक्रोसॉफ्टने २०१३ साली ती सोडून दिली, पुढे खुद्द जनरल इलेक्ट्रिकनेही वार्षिक गुणांकनाची जुनी चाकोरी सोडली. तिच्या जागी आता 'सततचा संवाद' आणि 'सतत सुधारणा' आली आहे. परंतु उद्दिष्टे वरूनच ठरत असतील, तपासणी एकतर्फी असेल आणि नोकरीची शाश्वती नसेल, तर वर्षातून एकदा भरणारी परीक्षा आता दर आठवड्याला भरते, एवढाच काय तो बदल.

मुंबईच्या कामगार चळवळीला हा प्रश्न नवा नाही. १९२८ साली गिरण्यांत 'कार्यक्षमते'च्या नावाखाली विणकरांना दोनऐवजी तीन साचे चालवण्यास सांगण्यात आले. एप्रिल ते ऑक्टोबर असे सुमारे सहा महिने दीड लाख कामगारांनी संप लढवला. त्या संपाकडे केवळ प्रगतीला झालेला विरोध म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. तिसरा साचा चालवता येईल की नाही हे सुताच्या दर्जावर अवलंबून असते. सूत निकृष्ट असेल तर तुटलेले धागे जोडण्यातच विणकराची पाळी संपते. तीन साचे एकाने चालवले तर ज्याच्या हातचे काम गेले त्याचे काय, आणि वाढलेल्या उत्पादनातला वाटा कोणाला, हे प्रश्न कामगारांनी विचारले. या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली असती तर गिरणगावाच्या इतिहासाला कदाचित वेगळे वळण लागले असते.

उत्तरे देता येतात आणि ती दिली की काय घडते, याचेही पुरावे आहेत. अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत १९५३ साली ए. के. राइस या ब्रिटिश संशोधकाच्या सल्ल्याने एक प्रयोग झाला. तेथील स्वयंचलित साच्यांच्या खात्यात बारा निरनिराळ्या प्रकारची कामे बारा प्रकारच्या माणसांत विभागलेली होती. कोणाचा कोणाशी मेळ नव्हता आणि अपेक्षित उत्पादनही निघत नव्हते. काही साच्यांची मिळून जबाबदारी एका छोट्या गटाकडे सोपवावी, ही कल्पना मांडताच कामगारांनी आपल्या पसंतीने गट बनवले. पुढे उत्पादन वाढले आणि खराब कापडाचे प्रमाण घटले. कामगार तेच होते, साचेही तेच होते. बदलली होती ती कामाची घडण, आणि ती घडवण्यात कामगारांचा हात होता.

दुसरा दाखला कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील मोटार कारखान्याचा आहे. जनरल मोटर्सचा हा कारखाना बेशिस्त, गैरहजेरी आणि निकृष्ट माल यांसाठी कुप्रसिद्ध होता. १९८२ साली तो बंद झाला. १९८४ साली टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा उघडला तेव्हा कामगार बहुतांशी जुनेच घेतले गेले आणि त्यांची जुनी संघटनाही कायम राहिली. दोन वर्षांत त्याची उत्पादकता जनरल मोटर्सच्या इतर कारखान्यांच्या पुढे गेली. दोष दिसताच दोरी ओढून साखळी थांबवण्याचा अधिकार प्रत्येक कामगाराला होता. कामाची वेळ मोजणारे घड्याळ बाहेरच्या अभियंत्याच्या हाती नव्हते. कामगारांचे गट स्वतःच वेळ मोजीत आणि कामाची रीत ठरवीत. परंतु या साऱ्याचा पाया होता तो संघटनेशी झालेल्या कराराचा. कामगार कमी करण्यापूर्वी अधिकाऱ्यांचे पगार कापले जातील आणि बाहेर दिलेले काम परत आणले जाईल, असे कंपनीने लिहून दिले होते. १९८८ साली मागणी घसरली तेव्हा कराराची कसोटी लागली. कोणालाही काढले नाही. मोकळ्या झालेल्या कामगारांना प्रशिक्षण देण्यात आले. आपण सुचवलेली सुधारणा आपल्याच शेजाऱ्याची भाकरी हिरावणार नाही, ही खात्री असल्यामुळेच माणसे सुचवायला पुढे आली.

मात्र या उदाहरणांवरून जपानी पद्धतीची आरती ओवाळण्याचे कारण नाही. टोयोटामध्ये १९५० साली नोकरकपातीवरून मोठा संप झाला होता आणि कंपनीच्या अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले होते. त्यानंतर कायम कामगारांना जी शाश्वती लाभली, तिच्यामागे या संघर्षाची आठवण होती. हंगामी कामगार मात्र त्या छत्राबाहेर राहिले. सातोशी कामाता या पत्रकाराने स्वतः हंगामी कामगार होऊन टोयोटाच्या साखळीवर काम केले आणि १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्या कारखान्याला निराशेचा कारखाना म्हटले. अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूसाठी वेगळा शब्द बनवावा लागला तोही जपानी भाषेलाच. आपल्या देशात मानेसर येथील मोटार कारखान्यात जपानी उत्पादनपद्धती होती, पण स्वतंत्र संघटनेची नोंदणी करण्यासाठी २०११ साली कामगारांना वारंवार झगडावे लागले. चहाच्या सुट्टीची मिनिटे, कंत्राटी कामगारांचे वेतन, रजेबद्दल होणारी कपात अशा तक्रारी साचत गेल्या. १८ जुलै २०१२ च्या हिंसाचारात एका अधिकाऱ्याचा बळी गेला. त्या कृत्याचे समर्थन कोणीही करू नये. पण १४८ आरोपींपैकी ११७ जणांना न्यायालयाने २०१७ साली निर्दोष ठरवले, त्यांतील अनेकांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली, हेही विसरू नये. सुधारणेचे चक्र होते. कामगाराला दाद मागण्याची सन्मान्य वाट नव्हती.

येथे चळवळीतील एका जुन्या समजुतीचाही परामर्श घेणे आवश्यक आहे. कामगिरीची तपासणी म्हणजे शोषण, म्हणून तिला सरसकट नकार, अशी भूमिका सोपी असते, पण टिकणारी नसते. एस.टी.ने प्रवास करणारा शेतमजूर, नगरपालिकेच्या दवाखान्यात रांगेत उभी असलेली बाई, सहकारी बँकेत ठेव ठेवणारा निवृत्त शिपाई हे समाजवाद्यांचेच लोक आहेत. त्यांना मिळणारी सेवा ढिसाळ असेल, तर ते खाजगीकरणाच्या बाजूने उभे राहतात आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. सार्वजनिक क्षेत्राचा बचाव केवळ ठरावांनी होणार नाही. तेथील कामाचा दर्जा हाच त्याचा खरा बचाव. कामचुकारपणावर पांघरूण घालणारी संघटना प्रामाणिक कामगारालाही दुबळे करते. म्हणून प्रश्न सुधारणा हवी की नको, असा नाही. ती कोणत्या अटींवर, हा आहे.

चार अटी चळवळीने सर्वत्र मांडल्या पाहिजेत. पहिली, सुधारणेमुळे कोणाचीही नोकरी जाणार नाही, याची लेखी हमी. आणि ती कंत्राटी व हंगामी कामगारांनाही लागू. दुसरी, तपासणी प्रथम व्यवस्थेची: साधने, मनुष्यबळ, कच्चा माल, वेळापत्रक यांचा हिशेब मांडल्यावाचून कोणत्याही व्यक्तीला दोषी धरता कामा नये, आणि ठरावीक टक्के लोकांना निकृष्ट ठरवण्याची सक्ती तर मुळीच नको. तिसरी, वाढलेल्या उत्पादकतेतील ठरलेला वाटा कामगारांना वेतनात किंवा कमी झालेल्या कामाच्या तासांत मिळावा. चौथी, मोजमापाचे निकष संघटनेच्या संमतीने ठरावेत आणि निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची सोय असावी. ही चौथी अट अवास्तव नाही. कर्मचाऱ्यांच्या वर्तनावर वा कामगिरीवर पाळत ठेवणारी तांत्रिक साधने कामगार मंडळाशी सहमती झाल्यावाचून बसवता येत नाहीत, असे जर्मनीचा १९७२ चा कायदा सांगतो. मोबाइलमधील अदृश्य मुकादमाच्या आजच्या काळात या तरतुदीचे मोल कितीतरी वाढले आहे.

आपल्याकडेही आधार नाही असे नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी मालक आणि कामगार यांच्या संयुक्त समित्यांची तजवीज केली होती. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद ४३-क आला आणि उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व ठरले. हे तत्त्व अर्धशतकभर बहुतांशी कागदावर राहिले, त्याला सरकारे जबाबदार आहेत. पण सहभागाची मागणी बोनसच्या मागणीइतक्या जिद्दीने पुढे न रेटणाऱ्या संघटनाही काही अंशी जबाबदार आहेत.

कार्यकर्त्यांनी या कामाला लहान सुरुवात करावी. आपल्या कारखान्यातील वा कार्यालयातील मूल्यमापनाचा तक्ता मिळवावा आणि अभ्यासवर्गात तो ओळीने वाचावा. प्रत्येक निकषापुढे एकच प्रश्न लिहावा: हे कामगाराच्या हाती आहे काय? ज्या निकषांपुढे 'नाही' असे उत्तर येईल त्यांची यादी व्यवस्थापनापुढे ठेवावी आणि तिच्याबरोबर कामगारांनीच सुचवलेल्या सुधारणांची दुसरी यादीही ठेवावी. यंत्र कोठे अडते, माल कोठे वाया जातो, अपघात कोठे होतो, हे त्या यंत्रापाशी रोज आठ तास उभ्या असलेल्या माणसाइतके कोणालाच ठाऊक नसते. ते ज्ञान ही कामगारवर्गाची मालमत्ता आहे. ती भीतीपोटी फुकट देऊ नये आणि रागापोटी दडवूनही ठेवू नये. संघटनेच्या बळावर, सन्मानाच्या अटींवर समाजाच्या कामी आणावी.